इंग्रजी झग्यातून येत नाही

आमच्या वाडीतली एक मुलगी येत्या जूनपासून कॅथलिक संस्थेच्या हायस्कूलमध्ये इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू होणार आहे. इंग्रजी घेऊन एम. ए., मग बी. एड., मग तासिका तत्त्वावर केलेली वणवण आणि आता कुठे ही नेमणूक. देवगडचा रस्ता जिथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, त्या नांदगाव तिठ्यावर बातमी पोचली आणि तिच्यावर तीन निकाल लागले. पहिला एका वडीलधाऱ्यांचा: ‘‘बाये, पाद्र्यांच्या शाळेत जातलंस? उद्या गळ्यात क्रूस घालूक लावतले.’’ दुसरा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांचा: मराठी शाळा ओस पडताहेत आणि आपलीच मुलं मराठीच्या मारेकऱ्यांकडे नोकऱ्या धरताहेत. तिसरा एका पालकाचा, कौतुकाने ओथंबलेला: कॉन्व्हेंट म्हटल्यावर बघायलाच नको, तिथल्या हवेतच इंग्रजी असतं, शिकवणारी त्यांच्यातलीच असती तर आणखी बरं झालं असतं, एवढंच.

वरवर पाहता पहिले दोघे विरोधक आणि तिसरा भक्त. पण तिघांचा पाया एकच आहे. शाळेत जे काही घडतं ते शाळेच्या नावातल्या ‘सेंट’मुळे, फादरच्या पांढऱ्या झग्यामुळे आणि भिंतीवरच्या क्रुसामुळे घडतं, हे तिघांनीही गृहीत धरलं आहे. वर्गात खडू घेऊन उभी राहणारी व्यक्ती तिघांच्याही हिशेबात नाही. माझा वाद या गृहीताशी आहे. कॅथलिक शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाला जे प्रश्न विचारायला हवेत, ते कुठल्याही शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाला विचारायला हवेत. ते सोडून आपण धर्मावर बोलत बसतो. त्यामुळे संस्थाचालक सुटतो, शिक्षक भरडला जातो आणि पोरांचं इंग्रजी कच्चंच राहतं.

धर्मांतराचा आरोप आधी घेऊ. तो सगळ्यांत जुना आहे आणि सगळ्यांत कमी तपासलेलाही. त्यामागे इतिहासच नाही असं मी म्हणणार नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन होतं. देवळं पाडली गेली, घराणीच्या घराणी आपापले देव घेऊन पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर पडली. गोव्याला लागून असलेल्या आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ही आठवण पुस्तकातून आलेली नाही. पण १५६० चा पुरावा आजच्या शाळेविरुद्ध चालवता येत नाही. आजचा पुरावा जनगणनेत आहे. देशाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचं प्रमाण १९५१ साली २.३ टक्के होतं आणि २०११ सालीही २.३ टक्केच होतं. मधल्या साठ वर्षांत मिशनच्या शाळांतून किती पिढ्या बाहेर पडल्या! त्यांत मंत्री झाले, न्यायाधीश झाले, आणि या शाळांवर टीका करणारे संपादकही झाले. या शाळा धर्मांतराचे कारखाने असतील, तर इतका तोट्यातला कारखाना जगात दुसरा सापडणार नाही.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांवर अहवाल काढला. आयोग चर्चचा कैवार घेत नव्हता. या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून मिळालेल्या सवलतीवरच त्याने बोट ठेवलं होतं. त्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतले ७४.०१ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नसलेल्या समाजांतले आहेत. म्हणजे चारांतली तीन मुलं आपली, आणि ती कोणी पळवून नेलेली नाहीत. आपणच पहाटे रांगा लावून, शिफारशी आणून त्यांना तिथे घातलं आहे. शिवाय राज्यघटनेचा अनुच्छेद २८ स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यांतही हेच आहे: इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या धार्मिक परंपरा लादू नका, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी घटनेची उद्देशिका म्हणून घ्या. एखादी शाळा याविरुद्ध वागत असेल तर संमती नाकारा आणि त्या शाळेचं नाव घालून शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. पण इंग्रजीच्या तासाला आमची मुलगी पास्ट टेन्स शिकवणार आहे. पास्ट टेन्सला अजून तरी कोणी बाप्तिस्मा दिलेला नाही.

दुसरा आरोप मराठी मारण्याचा. मला त्याचा राग येत नाही, कारण त्यामागची कळकळ खरी आहे. फक्त खुनी चुकीचा पकडला आहे. सिंधुदुर्गातल्या मराठी शाळांचा पट का घसरला? २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देश वाढत होता तेव्हा आमचा जिल्हा आटत होता. ज्या वाडीतली तरणी जोडपी लालबाग-परळहून सरकून डोंबिवली-विरारला स्थायिक झाली आणि गणपती-शिमग्यालाच घरी येऊ लागली, त्या वाडीतल्या शाळेला मुलं कुठून मिळणार? जी थोडी उरली त्यांना पिवळ्या बसमध्ये बसवणारे आपणच. आणि त्या बसवरचं नाव दर वेळी संताचं असतं असंही नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढण्यात आपल्याच पुढाऱ्यांच्या शिक्षणसंस्था मागे नाहीत. त्यांच्या नावात सरस्वती असते, छत्रपती असतात, आणि फीच्या पावतीवर आकडाही चांगला दणदणीत असतो. त्यांना कोणी मराठीचे मारेकरी म्हणत नाही.

कायदाही बघा. मराठी हा विषय महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीचा करणारा कायदा २०२० साली झाला. तो पाळला जात नसेल तर शाळाप्रमुखाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अंमलबजावणी ढिली असेल तर दोष सरकारचा आहे. इंग्रजीच्या शिक्षिकेने मराठीचा तास पळवलेला नाही.

पण खरी गंमत इतिहासात आहे, आणि तो विरोधकांनी अर्धाच वाचला आहे. १६८४ साली गोव्याचा व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्व्होर याने फर्मान काढलं: लोकांनी स्थानिक भाषा सोडावी, तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. हे विरोधकांच्या हातातलं सगळ्यांत धारदार पान आहे आणि मी ते नाकारत नाही. मात्र त्याच भूमीवर त्याआधी शंभर वर्षं काय घडलं होतं? १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट गोव्यात उतरला. तो होता इंग्रज. मायबोली इंग्रजी, धर्माने कॅथलिक, आणि आयुष्य गेलं गोव्यातल्याच साष्टीत. त्याने लोकांना इंग्रजी शिकवत बसण्याऐवजी स्वतः मराठी आत्मसात केली आणि ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्याने लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापून निघालं.

म्हणजे या किनाऱ्यावर कॅथलिकांच्या दोन परंपरा आहेत. शिकणाऱ्याच्या भाषेतून त्याच्यापर्यंत पोचायचं, ही स्टीफन्सची. शिकणाऱ्याची भाषाच बंद करायची, ही अल्व्होरची. पहिलीने एक महाकाव्य दिलं. दुसरीचं फर्मान फसलं. ज्यांची भाषा बंद करायची होती त्यांचे वंशज आजही कोंकणी बोलतात. ज्या धर्माला मराठीचा शत्रू म्हणायचं, त्याचेच धर्मगुरू आणि वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीलाही ‘पाद्री’ म्हणून विरोध झालाच. तो माणूस मराठीत काय लिहीत होता हे विरोधकांनी वाचलं असतं तर आरडाओरड्याला सवड मिळाली नसती.

आता माझी तक्रार. शाळेच्या आवारात ‘फक्त इंग्रजीत बोला’ अशी पाटी लावायची, मधल्या सुट्टीत मराठी बोलणाऱ्या पोराकडून दंड घ्यायचा किंवा त्याला रांगेबाहेर उभं करायचं, ही प्रथा सरळ अल्व्होरच्या घराण्यातली आहे. ती कॅथलिक शाळेत असेल तर त्या शाळेला तिच्याच पूर्वजाची, स्टीफन्सची आठवण करून द्यायला हवी. ती सरस्वतीच्या नावाच्या शाळेत असेल, आणि तशी पुष्कळ ठिकाणी आहे, तर तिथे मराठीच्या अभिमान्यांनी आपला आवाज तपासून पाहावा. तिथे तो बसतो का?

तिसरा निकाल कौतुकाचा, आणि मला तोच सगळ्यांत घातक वाटतो. विरोधाला निदान उत्तर देता येतं. भक्तीपुढे काय बोलणार? ‘कॉन्व्हेंटच्या हवेतच इंग्रजी असतं’ या समजुतीचं मूळ मुंबई-पुण्याच्या जुन्या शाळांत आहे. तर त्या कोणी उभ्या केल्या ते पाहू. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं, मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. दोन्हींमागे जर्मन जेझुइट होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं आणि मायदेशी पाठवून दिलं. म्हणजे ज्या ‘कॉन्व्हेंट इंग्रजी’चा दबदबा आपल्या मनावर आहे, तिचा पाया इंग्रजी ही मायबोली नसलेल्या माणसांनी घातला. ते इंग्रजी शिकले होते, म्हणून शिकवू शकले. भाषा रक्तातून येत नाही, बाप्तिस्म्यातून येत नाही, आणि ती हवेत तर मुळीच नसते. तेव्हा ‘शिकवणारी त्यांच्यातलीच हवी होती’ या वाक्यात इंग्रजीबद्दल काहीही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत कोंकणी नाहीतर मालवणी बोलली जाते. त्या घरातली मुलगी इंग्रजीपासून तितकीच लांब किंवा तितकीच जवळ असते, जितकी कुळवाड्याची मुलगी.

मग इंग्रजी येतं कशातून? वर्गात काय होतं ते पाहा. घरी ‘माका ताप इलो’ म्हणणारं पोर वहीत लिहितं, ‘फिव्हर केम टू मी’. त्यावर लाल रेघ मारणारे शिक्षक पुष्कळ असतात. पण ही चूक अडाणीपणाची नाही, ती फार शहाणी चूक आहे. आपल्याकडे ताप येतो, भूक लागते, राग येतो; माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. इंग्रजी त्याच माणसाला ओढून वाक्याच्या तोंडाशी, कर्त्याच्या जागी बसवते. ही एक गोष्ट मराठीत समजावून सांगितली की एकदम शंभर वाक्यं दुरुस्त होतात. तसंच ‘यू विल कम?’ चं. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो. इंग्रजीत साहाय्यक क्रियापदाला उठून पुढे यावं लागतं. आपला ‘वर’ टेबलाला मागून चिकटतो, त्यांचा ‘ऑन’ पुढे चालतो. आपल्या ‘व’ च्या पोटात त्यांचे दोन आवाज आहेत, म्हणून ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ मुलांच्या तोंडी एकच होतात. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांना तर आपल्याकडे जागाच नाही. दहावीच्या पेपरापर्यंत ते अंदाजपंचे टाकले जातात. हे सगळं कोणाला दिसतं? जिला दोन्ही भाषा येतात तिला. मराठीला बंदी असलेल्या वर्गात यातलं अवाक्षरही सांगता येत नाही. तिथे मुलं बोलत नाहीत, आणि शाळा त्या शांततेला शिस्त म्हणते.

कोणी म्हणेल, निकाल तर चांगले लागतात. लागतात खरे. दहावीच्या निकालात कोकण विभागाचा वरचा नंबर ठरलेला; २०२४ साली तर निकाल ९९.०१ टक्के होता, आणि त्यात मराठी माध्यमाच्या शाळांचा मोठा वाटा आहे. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. हुशारी माध्यमावर अवलंबून नाही, ही एक. दुसरी कडू आहे: पास होणं आणि इंग्रजी येणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते निकालपत्रात दिसत नाही. ते दिसतं मुंबईतल्या पहिल्या मुलाखतीत.

तिठ्यावरचा आणखी एक समज निकालात काढायचा आहे. ‘मिशनची नोकरी म्हणजे फादरच्या मर्जीची नोकरी’ असं सांगून मुलीला घाबरवणारे भेटले. अमेरिकेत तशी परिस्थिती बऱ्याच अंशी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की कॅथलिक शाळेतला शिक्षक मुलांना धर्माचे धडेही देत असेल तर नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्याचा आधार त्याला घेता येणार नाही. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे. तो अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद करत नाही. अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि त्याखेरीज फार तर तीन नावं आपल्या पसंतीने, त्या कायद्याच्या भरतीच्या नियमांबाहेर ठेवता येतात. बाकीच्यांना कायदा लागू. बडतर्फ केलं तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी हातात रीतसर नियुक्तीपत्र हवं. शाळा कॅथलिक आहे की नाही, यापेक्षा नियुक्तीपत्र आहे की नाही हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. तो तिठ्यावर कोणीही विचारला नाही.

न विचारलेल्या प्रश्नांची यादी इथेच संपत नाही. अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ पर्यंत महिना आठ हजार रुपये होतं. आता अठरा हजार आहे. तीन वर्षं एवढ्यावर काढायची, मग वेतनश्रेणी. स्वयंअर्थसहाय्यित शाळांत तर काय मिळतं हे शिक्षक एकमेकांनाही सांगत नाहीत. फीमधून उभी राहिलेली इमारत पालकांना दिसते. त्याच फीमधून वर्गातल्या माणसाला किती मिळतात, हे पालकसभेत कोणी विचारत नाही. या बाबतीत कॅथलिक संस्थांना मी कसलीही सूट देणार नाही. वर उल्लेख केलेल्या आयोगाच्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: अल्पसंख्याक शाळांतले जेमतेम ८.७६ टक्के विद्यार्थी सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतले होते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, म्हणजेच पंचवीस टक्के राखीव जागांतूनही, मोकळीक दिली. मोकळीक मिळाली म्हणून गरिबाला दार बंदच ठेवलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं नव्हतं. गरिबांच्या सेवेसाठी आलो म्हणणाऱ्यांना हा आकडा बोचला पाहिजे. आणि त्यांच्या विरोधकांनी खरोखर बोचरं काही शोधायचं असेल तर ते इथे आहे, क्रुसात नाही.

तीच गोष्ट पात्रतेची. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक ठरवली. नोकरीत असलेल्यांनाही, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना सवलत देऊन. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांतूनही हा वाद उभा राहिला. म्हणजे सहावीला शिकवणाऱ्याची पात्रता तपासायची की नाही, हे त्याच्या शाळेचा संस्थापक कोण यावर काही काळ तरी अवलंबून राहणार. मला हे पटत नाही. अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० ने दिला आहे आणि तो असलाच पाहिजे. पण कच्चा शिक्षक मिळावा, हा कुठल्याच मुलाचा हक्क असू शकत नाही. आमच्या वाडीतल्या मुलीला माझा सल्ला आहे: बाय, कोर्टाची वाट बघू नकोस, परीक्षा देऊन टाक. उद्या तुला कोणी ‘त्यांच्या मेहेरबानीने लागलीस’ म्हणायला नको.

आणि तिठ्यावरच्या मंडळींना माझं सांगणं आहे. मुलगी रुजू होईल तेव्हा तिची जात, धर्म आणि शाळेचा संत यांची चौकशी बाजूला ठेवा. नियुक्तीपत्र मिळालं का? पगार बँकेत जमा होतो की सही एका आकड्यावर घेऊन हातात दुसराच ठेवतात? एका तुकडीत मुलं किती? आठवड्याला तास किती, आणि वह्या तपासायला ऑफ तास मिळतो का? वर्गात मराठीतून समजावून सांगायची मुभा आहे का? वाचनालयात पोरांच्या हाताला लागतील अशी पुस्तकं आहेत की ती कपाटात कुलपाआड आहेत? फी न परवडणारी किती मुलं त्या शाळेत शिकताहेत? हे विचारा. जी शाळा या प्रश्नांची उत्तरं देणार नाही तिला जाब विचारा. मग तिच्या दारावर क्रूस असो, गणपती असो, नाहीतर नुसता संस्थाध्यक्षांचा फोटो.